मेम्फिस कसं पाहावं

अमेरिकेत मुलामुलींकडे गेलेल्या आपल्या मंडळींचा प्रवास बहुतेक ठरलेला असतो. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, मग पश्चिमेला लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन. दक्षिणेकडची राज्यं त्या यादीत सहसा नसतात; असलीच तर फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड तेवढं असतं. ज्यांना गाण्याचा कान आहे आणि ज्यांना इतिहास साध्या माणसांच्या जगण्यातून समजून घ्यायला आवडतो, त्यांनी टेनेसी राज्यातल्या मेम्फिससाठी तीन दिवस जरूर काढावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

मेम्फिसला जाणारे बरेच प्रवासी सकाळी एल्व्हिस प्रेस्लीचं घर बघतात, संध्याकाळी बील स्ट्रीटवर एक चक्कर मारतात आणि दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलच्या रस्त्याला लागतात. एवढ्याने हे शहर हाती लागत नाही. इथलं संगीत आणि इथला इतिहास ही दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळं नाहीत. तीच माणसं, तेच रस्ते, कधी कधी तर तीच इमारत. म्हणून काय बघायचं याच्याइतकंच ते कोणत्या क्रमाने बघायचं यालाही इथे महत्त्व आहे.

सुरुवात कापसापासून करा. मिसिसिपी नदीच्या काठावर १८१९ साली वसवलेलं हे शहर कापसावर वाढलं, आणि तो कापूस गुलामांनी पिकवलेला होता. नदीजवळच्या फ्रंट स्ट्रीटवर कापसाच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. युनियन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे, तिच्या जुन्या सौदे-दालनात आता छोटं संग्रहालय आहे. भाव लिहिण्याचा भलामोठा फळा अजून भिंतीवर आहे. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला इथे परकं वाटणार नाही, कारण या कापसाशी आपला थेट संबंध आला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग मागणी मुंबईकडे वळली. भाव आकाशाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरची सट्टेबाजी बोकाळली आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. त्या चढउताराचं दुसरं टोक या भागात होतं. पाऊण तासात संग्रहालय पाहून होतं, पण पुढचं सगळं समजायला त्याचा फार उपयोग होतो.

युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने गेली. तरी मिसिसिपीच्या सखल, काळ्या जमिनीत कृष्णवर्णीय कुटुंबं वाट्याने शेती करत राहिली आणि कर्जातून कधी वर आली नाहीत. त्या शेतांतली, चर्चमधली आणि तुरुंगातल्या खडीवरची गाणी घेऊन माणसं उत्तरेकडे निघाली, की वाटेवरचं पहिलं मोठं शहर म्हणजे मेम्फिस. तिथे त्यांच्या हक्काचा रस्ता होता तो बील स्ट्रीट. दुकानं, दवाखाने, वर्तमानपत्रं, नाटकघरं, जुगाराचे अड्डे आणि गाणं, सगळं तिथेच. वादक डब्ल्यू. सी. हँडी यांनी ‘मेम्फिस ब्लूज’ ही रचना १९१२ साली छापून आणली आणि ऐकीव परंपरेतलं हे गाणं कागदावर उतरू लागलं. हँडींचं छोटंसं लाकडी घर आता याच रस्त्यावर आणून ठेवलं आहे. पत्रकार आयडा बी. वेल्स याच भागात वर्तमानपत्र चालवत. १८९२ साली त्यांच्या ओळखीच्या तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार मारलं. वेल्स यांनी त्यावर निर्भयपणे लिहिलं, तेव्हा त्या बाहेरगावी असताना त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. २०२१ साली बील स्ट्रीटवर त्यांचा पुतळा उभा राहिला. लखलखत्या पाट्यांच्या गर्दीत तो सहज नजरेतून सुटतो. शोधून काढा आणि त्याच्यासमोर क्षणभर थांबा.

बील स्ट्रीटवर संध्याकाळी लवकर जावं आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरा तिथे पिणाऱ्यांची गर्दी असते, गाणं ऐकायला निवांतपणा मिळत नाही. कुटुंब बरोबर असेल तर दहाच्या आत परतलेलं बरं. काही क्लबांत आत जायला प्रवेशशुल्क असतं. वयाची खात्री करून घेतात, तेव्हा पासपोर्ट किंवा अमेरिकेतलं ओळखपत्र जवळ ठेवा. आपले केस पांढरे आहेत म्हणून सोडतील असं धरून चालू नका. दारू घ्यायची सक्ती कुठेच नाही, लिंबू सरबत मागवून रंगमंचाजवळ बसा. वादकांसमोर बादली किंवा बरणी ठेवलेली असते. तिच्यात माणशी काही डॉलर टाका. अनेकांची कमाई त्यावरच चालते.

ब्लूज पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. चाल बहुधा बारा आवर्तनांची असते, एक ओळ दोनदा येते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. गायकाच्या ओळीनंतर गिटार बोलतं. यातला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, त्या दोहोंच्या मधल्या जागी तो रेंगाळतो. आपल्या ख्यालगायकीच्या श्रोत्याचा कान मींड आणि श्रुती ऐकून तयार झालेला असतो, त्याला ही जागा लगेच सापडते. बी. बी. किंग यांचं गिटार या दृष्टीने ऐका. ते तरुणपणी याच शहरातल्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर निवेदक होते. १९४८-४९ मध्ये या केंद्राने आपले सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी आणि कृष्णवर्णीय निवेदकांकडून करायला सुरुवात केली. अमेरिकेत हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनियन ॲव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ. सॅम फिलिप्स यांनी १९५० साली सुरू केलेली ही एक लहानशी खोली आहे. हाऊलिन वुल्फ, बी. बी. किंग, जॉनी कॅश, कार्ल पर्किन्स, जेरी ली लुइस हे सगळे इथे गाऊन गेले. १९५३ साली एक अठरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या खिशातले पैसे देऊन इथे आपला आवाज ध्वनिमुद्रित करायला आला, तो एल्व्हिस. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये याच खोलीत त्याची पहिली ध्वनिमुद्रिका झाली. ते गाणं आर्थर क्रुडप या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं होतं. एल्व्हिस जगप्रसिद्ध झाला. क्रुडप मात्र आपल्या गाण्यांच्या मानधनासाठी भांडत राहिले आणि ते पुरतं हाती न पडताच गेले. हे मनात ठेवून ती खोली बघितली, तर तिच्यातलं थोरपण आणि तिच्यातला अन्याय दोन्ही दिसतात. फेरी मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते. तीत जुन्या फिती ऐकवतात, म्हणून घाई करू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना फेरीत घेत नाहीत, नातवंडं लहान असतील तर पाळीपाळीने जा.

तिथून गाडीने स्टॅक्स संग्रहालय गाठा. शहराच्या दक्षिण भागात मॅकलेमोर ॲव्हेन्यूवर एक बंद पडलेलं चित्रपटगृह होतं. जिम स्ट्युअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी १९६० साली तिथे स्टुडिओ थाटला आणि दोघांच्या आडनावांची सुरुवातीची दोन-दोन अक्षरं जोडून कंपनीचं नाव ठेवलं. चित्रपटगृहाची उतरती जमीन त्यांनी तशीच राहू दिली आणि त्या दालनाच्या घुमण्यातून इथल्या सोल संगीताचा खास नाद तयार झाला. ओटिस रेडिंग, कार्ला टॉमस, सॅम अँड डेव्ह, आयझॅक हेज ही इथलीच नावं. या सगळ्यांच्या मागे वाजवणारा संच म्हणजे बुकर टी. अँड द एमजीज. त्यात दोन वादक कृष्णवर्णीय होते आणि दोन गोरे. शहरात गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळे नळ, वेगळी बाकं, वेगळी उपाहारगृहं असण्याच्या त्या काळात ही चौघं रोज एका खोलीत बसून चाली बांधत होती. कंपनी १९७५ साली दिवाळखोरीत गेली, मूळ इमारत १९८९ साली पाडली गेली. आजची वास्तू त्याच जागी जुन्या नमुन्याबरहुकूम बांधलेली आहे आणि २००३ साली उघडली. शेजारीच मुलांना संगीत शिकवणारी स्टॅक्स अकादमी आहे. माझ्या मते मेम्फिसमधल्या संगीतविषयक जागांत ही सगळ्यात मोलाची. दोन-अडीच तास हवेतच.

स्टुडिओत उकडायला लागलं किंवा काम तुंबलं की स्टॅक्सची ही मंडळी एका ठिकाणी जात असत. गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसून जेवता येईल, पोहण्याच्या तलावाकाठी बसता येईल अशी ती जागा होती लोरेन मोटेल. वॉल्टर बेली आणि त्यांच्या पत्नी लोरी हे कृष्णवर्णीय जोडपं ते चालवत असे. दक्षिणेत दौऱ्यावर निघालेल्या कृष्णवर्णीय कलावंताला बड्या हॉटेलात खोली मिळत नसे; लोरेनमध्ये ती मिळे, घरगुती जेवणही मिळे. ‘नॉक ऑन वुड’ हे एडी फ्लॉइडचं गाजलेलं गाणं त्याने आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने या मोटेलच्या खोलीत रचलं. एक गोरा, एक कृष्णवर्णीय. त्याच मोटेलच्या दुसऱ्या मजल्यावर, ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या सज्जात, ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटाने नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली. गोळीच्या क्षणाआधी ते खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या सॅक्सोफोनवादकाशी बोलत होते. रात्रीच्या सभेत आपलं आवडतं भक्तिगीत वाजवा, असं ते त्याला सांगत होते. लोरी बेली यांना त्याच संध्याकाळी मेंदूचा झटका आला आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

मोटेलचं दर्शनी रूप तसंच ठेवून तिथे नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम केलं आहे. १९९१ साली ते सुरू झालं. आत गुलामांच्या जहाजांपासून सुरुवात होते. बसमध्ये कृष्णवर्णीयांना मागे बसवण्याविरुद्ध ज्या माँटगोमेरी शहरात बहिष्कार पुकारला गेला, तिथल्यासारख्या बसमध्ये चढता येतं, आत बसलं की चालकाचा आवाज मागे सरकायला फर्मावतो. गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहातल्या ज्या बाकांवर विद्यार्थी मार खात बसून राहिले तसे बाक आहेत, चळवळीतल्या प्रवाशांची हल्लेखोरांनी जाळली तशी जळालेली बस आहे, कचऱ्याचा ट्रक आहे (त्याची गोष्ट पुढे येते). शेवटी काचेपलीकडे ३०६ क्रमांकाची खोली दिसते आणि खिडकीतून तो सज्जा. तीन तास धरा. हा भाग सकाळी ताज्या मनाने बघावा, नंतर दुपारी काही ठेवू नये. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना जरूर न्या. काही छायाचित्रं भीषण आहेत, म्हणून आधी त्यांच्याशी बोला. मंगळवारी संग्रहालय सहसा बंद असतं. अंगणात मात्र कधीही उभं राहता येतं, तिथून सज्जावरचं पुष्पचक्र दिसतं.

किंग मेम्फिसला का आले होते, हे मराठी वाचकाने नीट समजून घ्यावं, कारण ती वाट नागपूरवरून जाते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या ट्रकच्या यंत्रात चिरडून मेले. ट्रक जुनाट होते, पगार तुटपुंजे होते, कामगारांना माणूस म्हणून वागवलं जात नव्हतं. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर ‘आय ॲम अ मॅन’ एवढंच लिहिलेलं असे: मी माणूस आहे. या लढ्याची आखणी करणाऱ्या समितीचे प्रमुख होते रेव्हरंड जेम्स लॉसन, आणि किंग यांना मेम्फिसला बोलावलं ते त्यांनीच. कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरती नाकारून लॉसन तुरुंगात गेले होते. सुटल्यावर ते मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि १९५३ ते १९५६ या काळात हिस्लॉप कॉलेजात राहून विद्यार्थ्यांमध्ये काम करत गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांना नागपुरातच वर्तमानपत्रातून कळली. परत गेल्यावर त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. पुढे नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना, मार खाऊनही हात न उचलता बाकावर बसून कसं राहायचं, याचं शिक्षण लॉसन यांनीच दिलं. किंग स्वतः १९५९ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते. लॉसन २०२४ साली, ९५ व्या वर्षी गेले. संग्रहालयातले ते बाक बघताना त्यांना नागपूरने काय दिलं होतं हे बरोबरच्या मुलांना सांगा. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ही गोष्ट शाळेत क्वचितच कळते.

संपाचे मोर्चे क्लेबॉर्न टेंपल या चर्चमधून निघत. २०२५ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीत ती ऐतिहासिक वास्तू उद्ध्वस्त झाली. शेजारच्या ‘आय ॲम अ मॅन’ चौकात संपकरी कामगारांची नावं कोरलेली आहेत. बील स्ट्रीटपासून चालत जाण्याएवढा हा चौक जवळ आहे. किंग यांच्या हत्येनंतर बारा दिवसांनी, १६ एप्रिलला महापालिकेने कामगारांची संघटना मान्य केली.

तिसरा दिवस हलका ठेवा. एल्व्हिसचे चाहते असाल तर तो ग्रेसलँडला द्या. १९५७ साली, बावीस वर्षांच्या वयात त्याने हे घर १,०२,५०० डॉलरना घेतलं. १६ ऑगस्ट १९७७ रोजी तो तिथेच गेला. तळमजला आणि तळघर दाखवतात, वरचा मजला बंद असतो. त्याच्या व आईवडिलांच्या समाध्या बागेत आहेत. तिकीट बरंच महाग आहे, विमानं आणि गाड्यांचं प्रदर्शन धरून अर्धा दिवस जातो. ऑगस्टच्या मध्याला त्याच्या स्मृतिदिनी प्रचंड गर्दी होते, ती टाळा. चाहते नसाल तर हे पैसे आणि वेळ नदीवर घालवा. टॉम ली पार्कमध्ये बसायला छान जागा आहे. टॉम ली या कृष्णवर्णीय नावाड्याने १९२५ साली बुडत्या बोटीतल्या ३२ जणांना वाचवलं, आणि त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. तिथून जवळच जुन्या रेल्वेपुलावरून मिसिसिपी चालत ओलांडून आर्कन्सॉमध्ये जाता येतं. लहान मुलांसाठी पीबडी हॉटेल: सकाळी अकराला बदकांची रांग लाल गालिच्यावरून चालत दालनातल्या कारंज्यात उतरते, संध्याकाळी पाचला परत जाते. बघायला पैसे पडत नाहीत, मात्र अर्धा तास आधी जागा धरावी लागते.

रविवार हाती असेल तर चर्चमधलं गॉस्पेल ऐकल्याशिवाय मेम्फिस सोडू नका. सोल गायक अल ग्रीन धर्मोपदेशक झाले आणि १९७६ साली त्यांनी इथे स्वतःचं चर्च सुरू केलं. बाहेरच्यांनाही तिथे मोकळेपणाने येऊ देतात. ते स्वतः दर रविवारी असतीलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. ही प्रार्थना आहे, मैफल नव्हे. नीटनेटके कपडे घाला, मागच्या बाकावर बसा, फोन खिशात ठेवा, दानपात्रात काही टाका आणि मध्येच उठून जाऊ नका.

आता जेवण. मेम्फिसमध्ये बार्बेक्यू म्हणजे डुकराचं मांस, वेगळं सांगितलं नसेल तर हेच समजा. खाणाऱ्यांनी सुक्या मसाल्यात माखून भाजलेल्या बरगड्या जरूर खाव्यात. शाकाहारी मंडळींची खरी अडचण भाज्यांत आहे. दक्षिणेकडच्या पद्धतीत पालेभाज्या आणि घेवडा मांसाचा तुकडा टाकून शिजवतात, मक्याच्या पावालाही कधी चरबी लावतात. ‘मांस नाही ना’ एवढं विचारून पुरत नाही. रस्सा कशाचा आहे आणि तळण कशात केलं हेही विचारा. तळलेली भेंडी, मॅकरोनी-चीज, कोबीची कोशिंबीर, रताळ्याचा पाय यावर चांगलं पोट भरतं. स्टॅक्सच्या जवळ ‘द फोर वे’ हे १९४६ पासूनचं साधं उपाहारगृह आहे. मार्टिन ल्यूथर किंग इथे जेवत असत.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मेसारखं उकडतं. वसंतात कधी वादळाचे इशारे येतात, ते आले की हॉटेलच्या तळमजल्यावर जा. राहायला नदीजवळचा मध्यवर्ती भाग घ्या, तिथून बील स्ट्रीट, लोरेन, कापसाचं संग्रहालय हे सगळं पायी होतं. सार्वजनिक वाहतुकीवर विसंबू नका. स्टॅक्स आणि ग्रेसलँडला गाडी किंवा टॅक्सीच लागेल. गाडीत बॅग, फोन, काहीही दिसेल असं ठेवू नका, इथे काचा फोडून चोऱ्या होतात. नॅशव्हिलहून गाडीने तीन-साडेतीन तास लागतात. शिकागोहून न्यू ऑर्लिन्सला जाणारी रात्रीची रेल्वेही मेम्फिसला थांबते आणि स्टेशन लोरेनपासून चालण्याच्या अंतरावर आहे. संग्रहालयांचे सुटीचे वार वेगवेगळे आहेत, तेव्हा वेळापत्रक बघूनच विमानाची तिकिटं काढा. तीन दिवस जमत नसतील आणि दोनच असतील, तर ग्रेसलँड गाळा. लोरेन आणि स्टॅक्स गाळू नका.